मावळ्यांच्या मिशा

आठवणींनी गहिवरणारी माणसं मला सहन होत नाहीत. पन्नाशी उलटली की यांना एकदम लिमलेटच्या गोळ्या आठवतात, दौत-टाक आठवतो, आणि ज्या घरात स्वतःचं ताट उचलून कधी मोरीत ठेवलं नाही, त्या घराच्या स्वयंपाकाचा वास आठवून डोळ्यांत पाणी येतं. धूर ज्यांनी खाल्ला त्यांना मात्र असलं काही होत नाही.

माझा थोरला भाऊ या जमातीचा म्होरक्या. पुण्याला असतो, निवृत्त झालाय, हाताशी वेळ आहे. यंदा दिवाळीच्या आधी त्याने घरच्या ग्रुपवर भलामोठा लेख टाकला. सोबत जुना काळा-पांढरा फोटो, आमच्या पंचवटीतल्या घरापुढचा किल्ला आणि शेजारी कमरेवर हात ठेवून तो. खाली लिहिलं होतं, ‘एकेक मावळा मी जीव ओतून रंगवला.’ झालं, नमस्कारांचा आणि फुलांचा पाऊस. एका मामांनी तर ‘जन्मजात कलाकार!’ असंही लिहिलं. मी फोन उलटा ठेवला आणि कुकर लावला.

ते मावळे मी रंगवले होते.

मुळात ते मावळेही नव्हते. गल्लीत सगळ्यांच्या किल्ल्यावर कुंभाराकडचे मातीचे मावळे असायचे. आमचेही होते, पण आदल्या वर्षी एका गाईने थेट बालेकिल्ल्यावर पाय दिला आणि निम्मं सैन्य कामी आलं. वडील म्हणाले, दरवर्षी कोण आणणार? आणि देवळाली कॅम्पातल्या एका दुकानातून त्यांनी न फुटणारे शिपाई आणले. खाकी प्लॅस्टिकचे, डोक्यावर हेल्मेट, हातात मशीनगन. एक पोटावर सरपटणारा, एक हातगोळा फेकणारा, एकाच्या पाठीवर वायरलेसचा डबा. दादाने ते तसेच महाराजांच्या गादीभोवती उभे केले. गल्लीतली पोरं पोट धरधरून हसली. दादा रडत घरात आला आणि किल्ला मोडायला निघाला.

मी दहा वर्षांची होते. म्हटलं, थांब.

न्हाणीघरात बंबामागे बसून मी चार दिवस ते शिपाई रंगवले. देवळाच्या ध्वजाच्या काठीचा उरलेला भगवा ऑइलपेंट, खिडक्यांचा पांढरा, गजांचा काळा. हेल्मेटवर सुताचे पीळ डिंकाने चिकटवून पागोटी केली. हातगोळ्याला पिवळा रंग दिला, त्याची मशाल झाली. सरपटणारा कडा चढायला लागला. मशीनगनचं काय करावं कळेना, तेव्हा ती तपकिरी रंगवून तिची काठी केली. बूट राहिलेच, त्याला माझा इलाज नव्हता. मिशा मात्र मी झाडूच्या काडीच्या टोकाने काढल्या, प्रत्येकाची वेगळी. एक झुपकेदार, एक पिळाची, आणि एक कोवळा होता त्याला नुसती रेघ. श्वास रोखून काढाव्या लागायच्या. हात जरा हलला की मावळ्याचा बोका व्हायचा.

त्या चार दिवसांत दादाने किल्ल्यावर अळीव पेरले आणि क्रिकेट खेळला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा असायची. तपासायला आले ते चित्रकलेचे निवृत्त सर. त्यांनी बुटांकडे बघून ‘हे काय रे?’ म्हटलं, हसले, आणि मग वाकून एक मावळा उचलला. चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला.

“मिशा कोणी काढल्या?”

“मी, सर,” दादा म्हणाला.

मी दोन हातांच्या अंतरावर रांगोळीची वाटी घेऊन उभी होते. पहिलं बक्षीस मिळालं. मी आईजवळ भुणभुण केली, तर ती म्हणाली, “अगं, किल्ला मुलांचाच असतो. तुझी रांगोळी आहे की!” रांगोळी होतीच. तिच्यावर पाय देऊन सगळे किल्ला बघायला गेले होते.

मला त्या बक्षिसाचं काही नव्हतं. मला एवढंच हवं होतं की त्याने एकदा, चार माणसांत, म्हणावं की मिशा हिने काढल्या. तो कधी म्हणाला नाही. मी स्वतःची समजूत घातली होती की विसरला असेल. पुरुषांना असं सोयीचं विसरता येतं. पुढे आई-वडील गेल्यावर पंचवटीचं घर आवरलं तेही मीच. हा अर्धा दिवस आला आणि अंगणात फोनवर बोलत उभा राहिला. मावळ्यांचा डबा तेव्हापासून माझ्या माळ्यावर आहे.

लेखाला फुलं वाहून झाल्यावर त्याचा फोन आला. “भाऊबीजेला येतोय. मावळे काढून ठेव गं. हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलंय, आत दिवेसुद्धा आहेत.”

वसुबारसेच्या दुपारी मी डबा खाली काढला. मोठ्या घमेल्यात कढत पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि सगळं सैन्य बुडवलं. तासाभराने जुन्या ब्रशने घासायला बसले. जुना रंग, खपल्या सुटून भराभर निघाला. मिशा सगळ्यात आधी गेल्या. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला फार बरं वाटलं. चकल्या तळताना मी वाक्य घोकत होते, ‘शिपाई तुझे, ते घेऊन जा. रंग माझा होता, तो मी ठेवून घेतला.’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं माझं झालंय, हे मला ठाऊक आहे.

भाऊबीजेला तो आला. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून पाच मिनिटं कुरकुरला. मी पाट मांडला, ओवाळलं. त्याने वहिनीने घेतलेली साडी पुढे केली. मी डबा दिला.

त्याने झाकण उघडलं. आत खाकी शिपाई, कोरे करकरीत. त्याने सरपटणाऱ्याला उचललं, फिरवून पाहिलं.

“अरेच्चा, रंग गेला सगळा?”

मी वाक्यासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात तो म्हणाला, “जाऊ दे. तूच दे ना परत रंगवून. तेव्हाही तूच तर रंगवले होतेस. तुझ्यासारख्या मिशा दुसऱ्या कोणाला जमणार?” आणि त्याने चकली घेतली.

म्हणजे तो विसरला नव्हता. सरांपुढे ‘मी’ म्हणाला तेव्हाही त्याला माहीत होतं, आणि लेख लिहिला तेव्हाही. इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसले होते, ते त्याने चकली खाता खाता, माझ्याकडून काम काढून घ्यायला वापरलं.

“हेच ग्रुपवर लिही,” मी म्हणाले.

“काय?”

“आत्ता बोललास ते.”

तो हसला. “वेडी का तू? आता एवढ्या लोकांनी वाचलंय. बरं दिसतं का ते?”

मी डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. म्हटलं, असेच ने. त्याला ते काही कळलं नाही. वहिनीसाठी चिवडा बांधून दे म्हणाला, मी दिला.

तो गेल्यावर मी मोरीपाशी बसून ढसाढसा रडले. रडले ते त्या मिशांसाठी. दहा वर्षांच्या पोरीने काढलेल्या मानाने त्या खरोखरच सुंदर होत्या, आणि त्या माझ्या होत्या याचा होता नव्हता तेवढा पुरावा मी स्वतःच्या हाताने घासून टाकला होता.