चौकीकडे तोंड केलेल्या गॅसबत्त्या

नव्वदीनंतरच्या त्या वर्षांत मी पेणजवळ खाडीकाठच्या एका पोलीस चौकीत शिपाई होतो. रात्री होड्या लावून चोरून वाळू उपसणाऱ्यांनी आम्हाला पार जेरीस आणलं होतं. अशात जिल्ह्याहून अंधारात दिसणारी दुर्बीण आली. साहेबांनी ती माझ्याच हाती दिली, कारण खाडीतल्या माणसांना मी चालीवरून ओळखायचो. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

घरी ही गोष्ट पोटात राहीना. बायकोचा धाकटा भाऊ सहा वर्षं आमच्याकडे राहून शिकलेला. पोरासारखाच वाढवला त्याला. जेवताना त्याला सगळं सांगितलं. डोळ्याला लावली की काळोखातली खाडी हिरवीगार दिसते, वल्ह्यावरचा हातसुद्धा कळतो. आता कुणाची सुटका नाय, असं तो कौतुकाने म्हणाला. मग मी शहाण्याने पुढचंही सांगून टाकलं, की समोरून झगझगीत उजेड आला तर मात्र दुर्बीण आंधळी.

पुढच्याच अवसेला खाडीत पंधरा-वीस गॅसबत्त्या पेटल्या. काळोख्या रात्री बत्ती घेऊन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला लोक उतरतातच, त्यात वावगं काही नाही. पण चिंबोऱ्या धरणारा बत्ती पायापाशी, चिखलावर धरतो. ह्या बत्त्यांची तोंडं आमच्या चौकीकडे होती. दुर्बिणीत नुसता हिरवा भडका. त्यामागून होड्या वाळू भरून निघून गेल्या, आम्हाला इंजिनांचे आवाज तेवढे ऐकू आले.

उजेडाची गोष्ट साहेब, मी आणि मेहुणा, तिघांनाच ठाऊक होती. साहेबांनी विचारलं, कुणाला बोललास? मी खाली मान घालून म्हणालो, कुणालाच नाही. ते त्यांना पटलं नाही. महिन्याभरात माझी रोह्याला बदली झाली.

मेहुण्याला मी एका शब्दाने विचारलं नाही. बायकोचा तो जीव की प्राण; विचारलं असतं तर घर फुटलं असतं. शिवाय मनाची समजूत घालत होतो, बिचारा सहज कुणाकडे बोलून गेला असेल.

निघायच्या दिवशी पेणच्या स्टँडवर ट्रंक त्यानेच एसटीच्या टपावर चढवली, वाकून पाया पडला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मग तो खिडकीपाशी आला आणि बहिणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं,

"भावोजी, रोह्याच्या खाडीवर पन हाय काय ती दुर्बीण?"