भालेराव काकांचा जुलै

भालेराव काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका तपासत बसले होते. काकू म्हणाल्या, "सुषमा, हे गेले गं." आणि मी विचारलं, "नागपूरला का?" दर महिन्याला ते पुतण्याकडे म्हणून नागपूरला जायचे, त्यामुळे तोंडातून तेच निघालं. दुसऱ्याच क्षणी मला कळलं. आज सहा आठवडे झाले, तरी तो प्रश्न आठवला की कानशिलं तापतात. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर लगेच मनात आलं ते हे, की आता माझं रिटर्न कोण भरणार. माणूस आपमतलबी असतो, मीही आहे.

काका खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत पगार विभागात होते. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून नेपियर टाउनला दोन खोल्यांत राहायला आले आणि जुलै महिना त्यांनी जबलपूरच्या मराठी मंडळींना देऊन टाकला. सगळ्यांची आयकराची रिटर्नं ते भरायचे, फुकट. त्यांची रीत मात्र जगावेगळी होती. फॉर्म सोळा पुढे केला की ते तो बाजूला सारत आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून समोर घेत. पगार छापलेला आहे, तो पळून जात नाही, आधी घरात कोण कोण आहे ते सांग, असं म्हणत. मग एकेका नावापुढे चौकशी. आईला साठ पूर्ण झाली का, तिचा आरोग्य विमा कोण भरतं, धाकट्याचं शिक्षणाचं कर्ज कोणाच्या नावावर आहे. नव्याने बदलून आलेल्या एका बँक अधिकाऱ्याने लेकीच्या कथ्थकच्या क्लासची पावती शाळेच्या फीमध्ये घुसवली होती, तर काकांनी ती परत देत सांगितलं की पोरगी छान नाचत असेल, पण ही वजावट बसणार नाही. दर मार्चमध्ये घाईघाईने विमा उतरवणाऱ्या माझ्या मामाला ते म्हणायचे, तुम्हाला वर्षातून एकदाच जिवाची काळजी वाटते. अशा थट्टेत घरोघरची सुखदुःखं त्या पानावर उतरत आणि तिथेच राहत. एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी गेली, असं कधी झालं नाही.

माझ्या घरी मीनू होती. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटी बहीण. तिची समज तीन-चार वर्षांच्या मुलीएवढीच राहिली. मदन महाल भागातल्या आमच्या घरी पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत नेऊन बसवत. बाबा असताना, आणि ते गेल्यावरही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची, कारण माझं लग्न व्हायचं होतं. नोकरी लागल्यावर पहिल्या जुलैत काकांनी घरात कोण कोण विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "आई आणि मी." काकांना मीनू ठाऊक होती, तिच्या बारशाला ते जेवून गेले होते. त्यांनी दोन नावं लिहिली, खाली तीनचा आकडा घातला आणि पुढची जागा कोरी ठेवली. पुढच्या वर्षीही तेच. चार वर्षं तो आकडा मी पाहत होते आणि पाहिला नाही असं दाखवत होते.

पाचव्या वर्षी आई पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. मीनूला ठेवायला कोणी नव्हतं म्हणून तिला घेऊनच काकांकडे गेले. तिने त्यांच्या टेबलाशी बसून सगळ्या चकल्या संपवल्या. काकांनी काही विचारलं नाही. मीच म्हणाले, "काका, लिहा. मीनल." मग त्यांनी सांगितलं की अवलंबून असलेल्या दिव्यांग भावंडासाठी वजावट मिळते, फक्त सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. आईला हे कळलं आणि तिने अंथरुणावरूनच घर डोक्यावर घेतलं. कागदावर आलं की गावभर होईल, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी काका स्वतः आमच्याकडे आले.

"वहिनी, इथे सरकार खर्चाची बिलंसुद्धा नाही मागून राहिलं," ते आईला म्हणाले. "पोरगी आहे, आणि सुषमाच्या भरवशावर आहे, एवढंच लिहायचं. त्याला तुम्ही काहून भिऊन राहिल्या?"

"लोक काय म्हणतील, भावजी?"

"लोकांचं रिटर्नही मीच भरतो, वहिनी."

आई हळूच म्हणाली, घेऊन जा तिला.

प्रमाणपत्रासाठी तीन खेपा झाल्या, तिन्ही वेळा काका रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या बाबूने विचारलं, आपकी कौन लगती है, तर म्हणाले, भतीजी. त्या वर्षीपासून मीनू पुढच्या खोलीत बसू लागली. माझं लग्न झालं नाही, पण त्याचं खापर मीनूवर फोडण्यात अर्थ नाही. जी दोन स्थळं मोडली ती मीच मोडली.

पुढे नवी करपद्धत आली. दर कमी, पण वजावटी बहुतेक गेल्या. गेल्या जुलैत काकांनी माझा हिशेब दोन्हीकडून करून दाखवला. नवीत कर कमी बसत होता, पण मीनूला तिथे जागा नव्हती. माझा चेहरा पडला. ते हसले. "अगं वेडे, कर वाचून राहिला तर वाचू दे. मीनू काय फॉर्मात राहते?" तेव्हा ते बरेच वाळलेले दिसत होते. उन्हाळ्याने असेल, असं मला वाटलं.

मागच्या रविवारी मी त्यांच्या खुर्चीत बसले. गेलेल्या माणसाचंही शेवटचं रिटर्न वारसाला भरावं लागतं. काकूंची वारस म्हणून नोंद झाली होती, भरायचं काम माझ्याकडे आलं. पेन्शनचा आकडा छोटा होता. मी म्हणाले, "काकू, नव्या पद्धतीत शून्य कर आहे. दुसरं काही लिहायची गरज नाही."

काकू उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. आत नागपूरच्या एका दवाखान्याची बिलं होती, दोन वर्षांची. रक्ताचा कर्करोग. तेराव्याला आम्हा सगळ्यांना हृदयविकार म्हणून सांगितलं होतं.

"शपथ घातली होती मला," काकू म्हणाल्या. "म्हणायचे, कळलं तर लोक जुलैत कागद आणायला संकोच करतील."

मला आधी रडू नाही आलं, राग आला. माझ्या आईला लिहायला लावणारा माणूस स्वतः मूठ झाकून बसला होता. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या टेबलाशी आपापली दुखणी ओतत होतो, आणि तुम्ही कसे आहात, हे बसून एकदाही विचारलं नव्हतं. मीही नाही.

"जुन्या पद्धतीत आजारपणाची वजावट असते ना? ती घे," काकू म्हणाल्या.

"घेता येईल. पण कर दोन्हीकडे शून्यच आहे, काकू. फायदा काही नाही."

"फायदा कोण मागून राहिलं? दोन वर्षं मी हसत हसत सगळ्यांना चहा दिला, सुषमा. एका ठिकाणी तरी लिही की हे आजारी होते."

मी जुनी पद्धत निवडली. फॉर्ममध्ये आजाराचं नावही विचारतात, ते भरलं, खर्चाचा आकडा भरला. काकू माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिल्या.

"आता हे कोणाला सांगितलं तर चालेल ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी फोन उचलला, भोपाळच्या आपल्या सख्ख्या बहिणीला लावला आणि तिला पहिल्यापासून सांगू लागल्या. मी चहा टाकायला उठले.