लाईट गेली की नदी झोपते

वाघाला मी घाबरत नाही. एकदा जंगलातल्या वाटेवर वाघ आणि मी समोरासमोर आलो, तेव्हा वाट त्यानं सोडली. साकोलीकडची माणसं आजही हे सांगतात. सांगतात, कारण मीच त्यांना सांगून ठेवलंय. पण घरातली लाईट गेली की मला दरदरून घाम फुटतो, आणि त्याचं कारण वैनगंगेत आहे.

पवनीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी माझी सासुरवाडी. वर धरण, धरणाच्या पायथ्याशी वीजघर. तिथं पाण्यानं मशीन फिरते आणि फिरवून झालेलं पाणी आमच्या नदीत येतं. उन्हाळ्यात पात्र उघडं पडलं की सासूबाई, मी त्यांना मामी म्हणतो, मधल्या रेतीवर टरबुजाची वाडी लावत. काठ आणि वाडी यांच्यामध्ये गुडघाभर पाण्याची धार. मशीन सुरू झाली की ही धार फुगायची. मग नदीत उतरायचं कधी? गावानं हिशेब बसवला होता: लाईट गेली म्हणजे मशीन बंद, मशीन बंद म्हणजे पाणी बंद. वीजघरातून निघालेल्या तारा तर गावाच्या डोक्यावरूनच जातात! एक अख्खा उन्हाळा हा हिशेब बरोबर निघाला, आणि मग त्याच्यावर कोणी शंकाच घेतली नाही.

त्या दिवशी ऊन उतरत होतं. मी कूलरपुढे पसरलो होतो. कूलर घरघरून थांबला, आणि मामींनी टोपली उचलली.

"चला जवाईबापू, लाईट गेली. नदी झोपली. टरबुजं काढून आनू."

गेलो. मामींचे गुडघे दुखरे, म्हणून धार ओलांडताना हात माझ्या खांद्यावर. वाडीभोवती, कोल्हे आत शिरू नयेत म्हणून, जुनं मासोळीचं जाळं बांधलेलं. आम्ही वेलांतून टरबुजं काढू लागलो. इतकी मोठी, की एकाच्या आड मी आख्खा लपलो असतो. तेवढ्यात वरून, वीजघराकडून, पाणी सोडण्याआधीचा भोंगा वाजला.

"मामी, भोंगा!"

"वाजू द्या. लाईट नाही त मशीन कशानं चालन? टेस्टिंग करून रायले असतीन."

मला पटलं. मग पायाला गार लागलं. भर उन्हाळ्यातलं ते पाणी बर्फासारखं, धरणाच्या तळातून आलेलं. आवाज नाही, लाट नाही. मघाशी जिथं माझी चप्पल होती तिथं चप्पल नव्हती. वाडीचा एक कोपरा गेला. वेल पाण्यात हलायला लागले. मी काठाकडे पाहिलं. गुडघ्याएवढी धार मध्येच उभ्या असलेल्या बाभळीच्या फांद्यांपर्यंत चढली होती. माझ्या पायाखालची रेती सरकत होती, जणू कोणी खालून चादर ओढत होतं.

मामी शांत होत्या. त्याची मला जास्त भीती वाटली.

"जवाईबापू, तुमी त कारध्याले पुरात सायकल डोक्यावर घेऊन नदी पार केली ना? लगन जुळवतानी सांगतलं होतं. मले पाठीवर घ्या आन् चला."

पार केली होती, खोटं नाही. फक्त एक बारीक गोष्ट सांगायची राहिली होती: सायकल आणि मी, दोघंही पुलावरून गेलो होतो. नदी खालून गेली.

"मामी," मी म्हणालो, "सायकल हलकी होती."

मामींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय समजायचं ते समजल्या. पाणी त्यांच्या कमरेला आलं होतं.

"जाळं सोडा," त्या म्हणाल्या. "टरबूज बुडत नाही. भरा त्याच्यात. रडून कायले रायले? भरा!"

मी भरलं. जाळ्याचं तोंड आवळलं आणि त्या गाठोड्याला दोघं दोन बाजूंनी लोंबकळलो. पायाखालची रेती सुटली. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही, कारण डोळे मी मिटलेलेच होते. नाकात पाणी, कानात पाणी, आणि पलीकडून मामींचा आवाज: "सोडू नका. सोडू नका, बापू." एकदा त्या आवाजाला खंड पडला. तेवढ्यात मी जन्मभराचं घाबरून घेतलं. मग खोकल्याचा आवाज आला आणि पुन्हा, "सोडू नका." वळणावर माझ्या गुडघ्याला चिखल लागला, तेव्हाही मी जाळं सोडलं नाही. गावकऱ्यांनी बोटं एकेक करून उकलली.

वीजघरात कामाला असलेला माझा चुलतसाळा दुसऱ्या दिवशी आला. मामी त्याच्यावर धावल्या. "लाईट नसतानी मशीन कायले चालवली रे?"

"काकू, आपल्या मशीनची वीज आपल्या गावाले थोडी येते! साऱ्या विजेचं एकच जाळं हाय. दिवस उतरला की सोलर बसते, साऱ्यायचे कूलर-दिवे चालूच, वीज पुरत नाही, मंग गावायची लाईट बंद करतेत. कोळशाची भट्टी तापाले लय वेळ. पाणी सोडलं की आमची मशीन लगेच फिरते. मंग फोन येते, चालू करा. तुमची लाईट जाते तवाच आमची धावपळ रायते. आन् भोंगा वाजवला होता ना मी?"

"लाईट नसतानी वाजवलेला भोंगा कोन मानन?"

आता लाईट गेली की गाव नदीतून वर पळतं. मामी सगळ्यांना सांगतात, जवाईनं मले अन् क्विंटलभर टरबुजं पाठीवर घेऊन पार नेलं. मी त्यांना खोटं पाडत नाही; वडीलधाऱ्या आहेत. पण संध्याकाळी पंखा थांबला की मी आधी पाय खाटेवर घेतो, आणि मग फरशीवर हात फिरवून पाहतो, गार लागते का.