गाल टेकायची जागा

लष्करातून बाद झालेली एक रायफल मेहुण्यांनी हौसेने घेतली आणि तिला नवं रूप द्यायला बंदूकवाल्याकडे नेली. मीही सोबत होतो. लाकडी दस्ता एके ठिकाणी झिजून किंचित खोलगट झाला होता.

"इथे शिपायाचा गाल टेकायचा," म्हातारा कारागीर त्यावर बोट फिरवत म्हणाला. "ठेवू की घासू?"

"घासा. नवी दिसली पाहिजे," मेहुणे म्हणाले.

तो गाल पुढे म्हातारा झाला की नाही, कोण जाणे. घामाने, भीतीने झिजलेली ती जागा पॉलिश पेपरने तासाभरात सपाट झाली. लाकूड सुंदर चमकू लागलं.

मेहुण्यांनी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. "बघा, कशी दिसते?"

ती रिकामी आहे, हे मला माहीत होतं. तरी मी बाजूला सरकलो.