काकांनी शिडी नेली तरी

मंडळी, तालमीच्या फळ्यावर हा कागद मीच लावलाय. फाडायचा न्हाय.

वडिलांच्या माघारी शिवाजी पेठेतलं दुकान माझ्या नावावर झालं. त्यात हुसेनचाचा शिंपी भाड्यानं हायत. दरबारी शिक्क्याच्या भाडेपट्ट्यात वडिलांनी लिहून दिलंय, दरवर्षी पावसाआधी छपराची कौलं मालकानं चाळून द्यायची.

आज सकाळी त्यासाठी गडी आले, तर काकांनी त्यांना हाकललं आणि शिडीही नेली. म्हणाले, "गळू दे की! म्हातारा आपसूक दुकान सोडंल."

मी म्हटलं, "काका, दुकान माझं झालं, तशी वडिलांची सहीही माझीच झाली."

शेजारणीची शिडी आणली, पदर खोचला आणि स्वतः वर चढले. निम्मी कौलं झाली.

उरलेली उद्या. बाईमाणूस छपरावर ज्याला बघवत न्हाय, त्यानं खाली उभं राहून कौलं द्यावीत!