हायडेलबर्गचं कुंकू

काल पंचवटीत दुकानाबाहेर कुंकवाचे ढीग दिसले आणि हायडेलबर्गचा तो शेवटचा दिवस आठवला.

विधवा सासूबाई आणि मी दिवसभर नदीकाठी रमतगमत हिंडलो, पुलावर बसून चेरी खाल्ल्या. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या म्हाताऱ्या जर्मन आजींचा संध्याकाळी निरोप घेताना सासूबाई म्हणाल्या, "त्यांना कुंकू लाव गं. मी नको."

मी लावलं. आजी हसल्या, त्यांनी माझ्या करंड्यात बोट बुडवलं आणि सरळ सासूबाईंच्या कपाळावर टेकवलं. मी घाईघाईनं पुढे झाले. आज वाटतं, बरं झालं, आजींना आपलं काही माहीत नव्हतं.

टॅक्सीत सासूबाईंनी रुमाल काढला. डोळे पुसले. कपाळाला मात्र हात लावला नाही.