आमच्यात विटाळ नसतो

आईचा पाय मोडला म्हणून माझं पहिलं बाळंतपण माहेरी हिमायतनगरला न होता इथं लातूरला, सासरीच झालं. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्यात विटाळ नसतो. लिंगायत आम्ही, गळ्यात लिंग हाय आमच्या." खरंच नव्हता. आठव्या दिवसापासून मी सगळ्यांच्या भाकरी थापत होते. विटाळ नसण्याचा असा फायदा.

फक्त माझी फडकी तेवढी पाण्याच्या टाकीमागं, जुन्या साडीखाली वाळायची. वाळायची कसली, ओलीच राहायची आणि तशीच पुन्हा घ्यावी लागायची.

अंगावरून आधी लालभडक जायचं, मग गुलाबी झालं, मग तपकिरी. वाटलं, सुटले. दहाव्या दिवशी भरलेली घागर उचलली आन् पुन्हा लाल सुरू. मी सातवीत शाळा सोडलेली. शरीराचा धडा पुढच्या वर्गात होता म्हणे. माझ्यामागं पोरगी कुणाच्या मांडीवर वाढेल, इथपर्यंत मी मनात ठरवून टाकलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, घाण हाय, पडू दे.

पोरीचं वजन करायला आशाताई आल्या, तेव्हा त्यांच्यापुढं मी रडलेच. कापड किती वेळात भिजतं, गाठी पडतात का, वास, ताप, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, घाण नव्हे ही. गर्भपिशवीची आतली जखम भरून येते तसं हे जातं. लाल, मग फिकट, शेवटी पिवळट-पांढरं, महिना-दीड महिना. वजन उचललं की पुन्हा लाल होतं, मग पडून राहायचं. तासाभरात कापड चिंब झालं, मोठी गाठ पडली, कुबट वास नाहीतर ताप आला, तर मात्र सरळ दवाखाना गाठायचा.

"म्हंजे मी मरून न्हाई राहिले?"

"न्हाई गं. पण ही ओली फडकी तुला आजारी पाडतील."

मग त्या सासूबाईंकडं वळल्या. "मावशी, तुमच्यात विटाळ नसतो न? मग ही गच्चीवर उन्हात टाका."

 दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः फडकी घेऊन वर गेल्या. शेजारीण कठड्यावरून बघायला लागली, तशा दणदणीत आवाजात म्हणाल्या, "आमच्यात विटाळ नसतो ओ, बाई."

घागरही त्यांनीच भरली. शेजारीण बघतच होती ना. संध्याकाळी मला कोरडं, उन्हानं कडक झालेलं फडकं मिळालं. पाचव्या आठवड्यात सगळं थांबलं. पोरगी माझ्याच मांडीवर हाय. आशाताईंचे उपकार मी विसरणार नाही; सासूबाईंचेही मानते, शेजारीण बघत असली की.